पडद्यावरचा काळोख कोणी पळवला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२४ मध्ये 'मुंज्या', ऑगस्टमध्ये 'स्त्री २' आणि १३ सप्टेंबरला पुन्हा झळकलेला 'तुंबाड' अशा तीन धडाक्यांनंतर भयपटांना बरे दिवस आल्याचे सगळीकडे छापून येते आहे. 'तुंबाड'ने तर २०१८ च्या पहिल्या फेरीपेक्षा या दुसऱ्या फेरीत जास्त गल्ला जमवला. मात्र थिएटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडी दोन तक्रारी हमखास असतात. एक, 'हसू येतं, भीती वाटत नाही.' दुसरी, 'इतका अंधार की काही दिसतच नाही.' पहिल्या तक्रारीचा जाब दिग्दर्शकाला विचारावा हे ठीक. दुसरीचे खापरही आपण त्याच्याच माथी फोडतो, तिथे गल्लत होते. तो दोष बहुतेक वेळा प्रोजेक्शन केबिनमध्ये असतो आणि चित्रपट परीक्षणात त्याचा साधा उल्लेखही येत नाही. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी आवाजाकडे पाहू, कारण भयपट निम्म्याहून अधिक कानांनी पाहायचा असतो. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण होते तेव्हा स्टुडिओतली पातळी ठरलेली असते. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा आवाज सोडला की प्रेक्षकाच्या जागी ८५ डेसिबल भरले पाहिजेत. थिएटरातल्या डॉल्बी प्रोसेसरवर आवाज कमी-जास्त करायचा एक फेडर असतो, ० ते १० आकड्यांचा. त्यावर ७ म्हणजे स्टुडिओतली तीच पातळी. ४ च्या वर एक आकडा खाली आणला की सुमारे सव्वातीन डेसिबल कमी होतात. फेडर ५ वर ठेवला तर साडेसहा डेसिबलच्या आसपास गेले, साडेचारवर ठेवला तर आठांहून अधिक.

ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण चित्रपटातला संवाद आठ-दहा डेसिबल खाली आला तरी ऐकू येतो, मेंदू उरलेले भरून काढतो. माजघरात कोणीतरी पाय घासत चालल्याचा आवाज मात्र मुळातच इतका हलका ठेवलेला असतो, की तेवढ्या कपातीने तो एसीच्या घरघरीखाली बुडतो. दिग्दर्शकाने तीन मिनिटे रचत आणलेली पावले प्रेक्षकाला ऐकूच जात नाहीत. त्याला ऐकू जातो तो शेवटचा 'धाड्!' मग तो म्हणतो, नुसतं दचकवतात. बरोबरच आहे त्याचे, त्याच्यापर्यंत तेवढेच पोचले!

फेडर खाली का येतो, तेही सांगायला हवे. चित्रपटाआधी पानमसाला, दागिने, बांधकाम साहित्य आणि गृहसंकुले यांच्या जाहिराती चालतात. त्यात शांत क्षण नावाची चीज नसते, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत सगळे ठासून भरलेले. लोक कानांवर हात ठेवतात, कोणीतरी उठून व्यवस्थापकाकडे जातो आणि व्यवस्थापक आवाज 'थोडा' कमी करायला सांगतो. चित्रपट सुरू झाल्यावर तो पुन्हा वर करायचा असतो, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. याला खर्चही लागत नाही. डिजिटल सर्व्हरवर खेळाची यादी लावताना प्रत्येक तुकड्याआधी फेडरचा आकडा आज्ञा म्हणून टाकता येतो. जाहिरातींना साडेचार, चित्रपटाला सात किंवा गेला बाजार साडेसहा. यादी एकदा नीट बांधली की आठवडाभर आपोआप चालते.

आता उजेड. द्विमिती, म्हणजे थ्रीडी नसलेल्या साध्या चित्रपटासाठी कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर मध्यभागी १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट, एवढा प्रकाश पडावा असे जागतिक प्रमाण आहे. रंगसंस्कार करणारा तंत्रज्ञ हेच प्रमाण धरून ठरवतो की कंदिलाच्या कडेला भिंतीचा पोत किती दिसावा आणि त्यापलीकडे काय मिटून जावे. थिएटरात हा प्रकाश निम्म्यावर आला तर दिवसाचे प्रसंग फक्त मळकट दिसतात. रात्रीच्या प्रसंगात मात्र शेवटच्या दोन-तीन छटा सरसकट काळ्यात जातात. दिग्दर्शकाने कोपऱ्यात अर्धवट दिसेल असे ठेवलेले माणूस उरत नाही, कोपराही उरत नाही.

प्रकाश खाणारे चोर चार आहेत. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा वयाबरोबर मंदावतो, पण नवा महाग पडतो म्हणून ठरलेल्या तासांच्या पुढे ओढत नेला जातो. केबिनच्या काचेवर धूळ आणि पॉपकॉर्नच्या तेलाचा पातळ थर बसतो, तो मऊ कापडाने पाच मिनिटांत निघतो. तिसरा चोर मोठा आहे. थ्रीडी खेळांसाठी लेन्सपुढे बसवलेला ध्रुवक (पोलरायझर, प्रकाश गाळणारी काच) द्विमिती खेळातही तसाच राहतो आणि निम्म्याहून अधिक प्रकाश गिळतो. चौथा म्हणजे थ्रीडीचाच चंदेरी पडदा. तो मधल्या खुर्च्यांना भरपूर उजेड देतो आणि कडेच्या खुर्च्यांना काटकसरीने. अशा सभागृहात भयपट पाहायचा तर तिकीट मधल्या सात-आठ खुर्च्यांतलेच काढावे. ध्रुवक राहिलाय का हे ओळखायचे असेल, तर मागे वळून केबिनच्या काचेकडे पाहावे. काही यंत्रणांत एकावर एक असे दोन झोत दिसतात. द्विमिती खेळाला दोन झोत दिसले तर खुशाल बाहेर जाऊन सांगावे. तिकिटाचे पैसे पूर्ण प्रकाशाचे घेतलेले असतात.

पडद्याच्या कडा झाकणारे काळे पडदे, ज्यांना मास्किंग म्हणतात, ते नव्या मल्टिप्लेक्समधून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. प्रोजेक्टरचा काळा रंग कधीच पूर्ण काळा नसतो. पांढऱ्याच्या दोनहजारांश प्रकाश असला तरी तो उत्तम समजतात. त्यामुळे रुंद चित्राच्या वर-खाली राखाडी पट्टे उघडे राहतात आणि डोळ्यांना सतत चुगली करतात, की बघ, हा काळोख नाही, ही करडी भिंत आहे. पूर्वीच्या एकपडदा थिएटरात मखमली पडदा सरकायचा तो केवळ थाट म्हणून नव्हता.

मध्यंतराबद्दल कोणी फारसे बोलत नाही. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. मध्यंतरात दिवे भकाभक लागले की ती सगळी कमाई एका क्षणात जाते. हिंदी-मराठी दिग्दर्शक हे जाणून असतो, म्हणून मध्यंतरानंतरचे पहिले प्रसंग जरा उजळ ठेवता येतात. पण 'नोस्फेराटू' किंवा 'सिनर्स' अशा परदेशी चित्रपटांत मध्यंतर लिहिलेलेच नसते. आपल्याकडे ते कुठेही कापले जाते आणि सामोशाचा कागद उलगडत परतलेल्या प्रेक्षकासमोर मेणबत्तीच्या उजेडातले दालन येते. पहिली दहा मिनिटे तो आंधळाच असतो. मध्यंतर बंद करा असे म्हणण्यात अर्थ नाही, थिएटरचे पोट खाद्यपदार्थांवर चालते. पण दिवे अर्ध्यावरच ठेवणे, आणि चित्रपट सुरू होण्याच्या दोन मिनिटे आधी हळूहळू मालवणे, एवढे तर जमेल?

थिएटरवाल्यांना एवढे सुनावल्यावर निर्मात्यांना सोडून चालणार नाही.

दचकणे आणि घाबरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कानाजवळ फुगा फोडला तर पैलवानही दचकतो. ती शरीराची प्रतिक्रिया आहे, तिला कथा लागत नाही. शरीर तिला चटकन सरावते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या झटक्याला प्रेक्षक पॉपकॉर्न सांडत नाही. रचना आता पाठ झाली आहे: पार्श्वसंगीत थांबते, पात्र आरशाकडे वळते, काही नसते, सुटकेचा श्वास, आणि मग व्हायोलिनची किंकाळी. संगीत थांबले की प्रेक्षक मनात आकडे मोजू लागतो. त्याला मोजायला लावले तिथेच डाव हरला.

याच्या उलट 'ब्रमयुगम' पाहा. राहुल सदाशिवन यांचा हा मल्याळम चित्रपट फेब्रुवारी २०२४ चा. संपूर्ण कृष्णधवल, एक मोडकळीला आलेले घर, पाऊस, आणि जेमतेम चार-पाच पात्रे. मामुट्टींनी साकारलेला पोट्टी हा घरधनी जेवतो, पान खातो, फाशांचा डाव मांडतो. त्याच्या हसण्यात घशाचा एक ओला आवाज आहे, तो बाहेरच्या पावसाच्या वर राहील एवढाच ठेवला आहे. रंग काढून टाकल्यामुळे रक्त, चिखल, भिजलेली भिंत सगळे एकाच कुळाचे होते आणि नजरेला सुरक्षित असे काही सापडत नाही. असा चित्रपट फेडर साडेचारवर ठेवून, मंद दिव्यावर दाखवला तर उरतो तो फक्त संथपणा. त्याला 'कंटाळवाणा' म्हणणाऱ्या कित्येकांनी बहुधा तसाच पाहिला असेल.

'कांतारा'तली (२०२२) दैवाची, म्हणजे ग्रामदेवतेची, आरोळी तशीच. तिची जरब तिच्या आधीच्या शांततेतून येते. २०२५ च्या 'कांतारा चॅप्टर १' मध्ये दृश्यांचा पसारा कितीतरी वाढला, लढाया वाढल्या. पण चहूबाजूंनी ढोल असताना आरोळी वेगळी कशी पडणार? दुसरा चित्रपट डोळे दिपवतो, पहिला मानेवरचे केस उभे करतो.

संगणकी भुतांविषयी बोलायचे तर 'मुंज्या'चे उदाहरण घ्यावे लागेल, कारण प्रयत्न धाडसी होता. आदित्य सरपोतदार यांनी कोकणातले भूत निवडले. मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा, पिंपळावर अडकलेला. इथवर पाया भक्कम आहे. पण संपूर्ण संगणकीय पात्र पडद्यावर जितका वेळ राहते, तितके त्याचे वजन तपासायची संधी डोळ्यांना मिळते. पाय टेकला तिथे सावली घट्ट आहे का? फांदीवर उडी मारली तेव्हा फांदी वाकली का, आणि केव्हा वाकली? डोळ्यांतली चमक त्या जागेच्या खऱ्या दिव्याच्या दिशेचीच आहे का? यासाठी चित्रीकरणाच्या जागी प्रत्येक शॉटनंतर चकचकीत आणि करडा असे दोन गोळे धरून प्रकाशाची नोंद घेतात. घाईत ती नोंद राहिली की सहा महिन्यांनी संगणकावर बसलेला कलावंत अंदाजाने दिवा लावतो आणि भूत चिकटवल्यासारखे दिसते. 'मुंज्या'त तंत्र सफाईदार आहे, तक्रार वेगळीच आहे. तो फार लवकर आणि फार स्पष्ट दिसतो. एकदा पुरता दिसला की तो खट्याळ माकड होतो, मग लोक हसणारच. दिग्दर्शकाला हसूच हवे होते असे म्हणता येईल, पण मग पिंपळाखालून जाताना वाटणारी धास्ती कुठल्या हिशेबात धरायची?

'स्त्री २' चा सरकटा, म्हणजे शिर नसलेले भूत, त्या मानाने अधिक वजनदार वाटतो, कारण त्याच्या धडामागे साडेसात फुटांच्या आसपास उंचीचे खरेखुरे शरीर आहे, सुनील कुमार यांचे. दार तोडताना खांदा खरा असला की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. 'तुंबाड'मधली शापित आजी तर मोहम्मद समद या बालकलाकाराने केली, जो त्याच चित्रपटात मुलाचीही भूमिका करतो. रबरी मुखवट्याआड लहान मुलाच्या हालचाली, म्हणूनच ती म्हातारी इतकी विचित्र वाटते. मुखवट्यांचेही शास्त्र आहे. सिलिकॉन कातडीसारखे थोडा प्रकाश आत घेते, लेटेक्स घेत नाही आणि उन्हात खेळण्यासारखे दिसते. जिलेटिन स्वस्त पडते पण आपल्या उकाड्यात मऊ होते. कडा कागदाइतक्या पातळ नसतील तर गालावर रेघ उमटते, आणि कोकणातल्या दमट हवेत घामाने डिंक सुटतो, मग जवळचा शॉट घेताच येत नाही. आपल्याकडे हे काम करणाऱ्यांना तयारीला पुरते आठवडे मिळाले तर संगणकावरचा खर्च कितीतरी वाचेल. मराठी प्रेक्षकाला हे पटवायला नको. रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू १९९३ साली बोटांच्या जोरावर उभा राहिला आणि आजही घराघरांत नुसते नाव काढले तरी पोरे पांघरुणात शिरतात.

अद्भुतपटांच्या बाबतीत मुख्य घोटाळा नियमांचा आहे. आपल्या लोककथेतले प्रत्येक भूत नियमांसकट येते. चकवा वाट चुकवतो, मारत नाही. गिऱ्हा पाण्याशी. जखीण, हडळ, समंध, खवीस, प्रत्येकाची जागा, वेळ आणि उतारा ठरलेला. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो म्हणून त्याला भलीमोठी चामडी पायताणे वाहतात. झिजलेले पायताण हाच त्याच्या फेरीचा पुरावा! याहून उत्तम पटकथा कोणी लिहिली आहे? नियम कळला की प्रेक्षक तो मोडायची वाट पाहतो, आणि ती वाट पाहणे म्हणजेच भीती.

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चे यश मला तरी पावसातल्या चित्रणापेक्षा यातच दिसते. त्यातला शापित देवपुत्र हस्तर सोन्याचा लोभी आणि धान्याचा भुकेला. धान्यच त्याची दुबळी जागा, म्हणून भोवती पिठाचे रिंगण आखायचे आणि कणकेची बाहुली दाखवून त्याला गुंतवायचे. तो खात असेतोवर त्याच्याकडच्या सोन्याच्या मुद्रा हिसकायच्या. स्पर्श झाला तर मरणही नशिबी नाही. अवघे तीन-चार नियम. पुढे नायकाचा मुलगा हुशारी करतो आणि एकाऐवजी अनेक बाहुल्या न्यायचे सुचवतो. बाहुल्या जितक्या, हस्तर तितके! शेवट बाहेरून आणावा लागला नाही, तो पहिल्याच नियमात दडलेला होता.

आता अलीकडच्या 'विश्वां'कडे या. एका चित्रपटातले पात्र दुसऱ्याच्या शेवटी मदतीला धावते, टाळ्या पडतात. 'स्त्री २' मध्ये 'भेडिया' चित्रपटातला लांडगामाणूस येतो तिथे सरकट्याची दहशत संपली. नायकाची सुटका कोणत्याही क्षणी शेजारच्या चित्रपटातून होऊ शकते हे कळल्यावर भ्यायचे कशाला? शिवाय पुढचा भाग जाहीर झालेला असतो, त्यामुळे कोण मरणार नाही याची यादी प्रेक्षकाच्या खिशात असते. २०२५ च्या दिवाळीत आलेल्या 'थामा'त वेताळाला रक्तपिपासू करून टाकले. प्रेतात शिरून कोडी घालणारा, उत्तर दिले तर निसटणारा आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसले तर डोके फोडणारा वेताळ हाताशी असताना परदेशी दातांची उसनवारी कशासाठी?

उसनवारीच करायची तर 'लोका चॅप्टर १' सारखी करावी. ऑगस्ट २०२५ च्या या मल्याळम चित्रपटाने केरळच्या दंतकथांतली कळ्ळियंकाट्टू नीली ही यक्षी आजच्या बंगळुरूत आणून ठेवली. तीही रक्तावर जगते, तीही रात्रीची आहे. पण तिच्यावर काय गुजरले, ती कोणाला का मारते, हे तिच्या मूळ दंतकथेतून येते. सुपरहिरोचा साचा तिच्या मापाने कापला आहे. शेवटाकडे पाहुण्यांची गर्दी तिथेही होतेच, ते सोडा.

मराठीत आपण नक्की कुठे आहोत? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या वाचकांना छापील पानावर घाबरायची सवय आहे. पडद्यावर विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' आठवावा. भर दिवसा, उसाच्या फडात भीती उभी केली. दोन हात पुढचे दिसत नाही अशी जागा निवडली की रात्रीची गरज उरत नाही, आणि प्रोजेक्टरचा दिवा मंद असला तरी नुकसान कमी होते. त्यावरूनच पुढे हिंदीत 'छोरी' झाला. हृषीकेश गुप्ते यांच्या 'जारण'ने (२०२५) करणी की मनाचा आजार हा संशय बराच काळ जागता ठेवला, आणि अमृता सुभाष यांच्या चेहऱ्यावर भिस्त ठेवली. एका चेहऱ्याला संगणकी भुताच्या एका मिनिटापेक्षाही कमी खर्च येतो. अशा चित्रपटांना खेळ मात्र दुपारी बाराचे किंवा रात्री साडेदहाचे मिळतात, तेही सर्वांत लहान सभागृहात, जिथला दिवा बहुधा सर्वांत जुना असतो.

घरी पाहणाऱ्यांसाठी थोडेसेच. टीव्हीवरचा वीजबचतीचा आणि खोलीतला उजेड मोजून चित्र मंद करणारा पर्याय बंद करावा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्यायही बंद, त्याने 'तुंबाड'सुद्धा दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड लावावा. आवाजातला 'नाइट मोड' काढावा, कारण तो कुजबुज मोठी आणि किंकाळी लहान करतो. अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी ठिगळे दिसत असतील तर दोष टीव्हीचा नसतो. इंटरनेटचा वेग घसरल्याने चित्र दाबून पाठवले जात असते. मोबाइलवर भयपट पाहणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे एक विनंती आहे. शुक्रवारच्या परीक्षणाखाली चित्रपट कोणत्या सभागृहात पाहिला आणि तिथला प्रकाश व आवाज कसा होता, याची एक ओळ छापावी. शक्य असेल तर परीक्षकांनी खेळाआधी केबिनमध्ये डोकावून फेडरचा आकडा विचारावा. आणि वाचकांनी पुढच्या भयपटाला जाताना पहिल्या पाच मिनिटांतच, संवाद सुरू होण्याआधी, एसीचा आवाज चित्रपटापेक्षा मोठा येतोय का ते ऐकावे. येत असेल तर मध्यंतराची वाट न पाहता दारावरच्या कर्मचाऱ्याला 'फेडर किती आहे?' एवढेच विचारावे. 'आवाज वाढवा' म्हटले तर कोणी हलत नाही, आकडा विचारला की केबिनपर्यंत निरोप जातो.

कळावे,
आपला,
एक भयपटवेडा वाचक, सातारा